दाखवायची खोली

तिचं खरं नाव फार थोड्या जणांना ठाऊक होतं. एजंट, रंगारी, गोदामाचा वॉचमन, सगळे तिला उशीताईच म्हणत, कारण कुठल्याही घरापुढे टेम्पो थांबला की सगळ्यात आधी उशांचं बोचकं खाली यायचं आणि त्याच्या मागून ती.

विकायला काढलेली घरं सजवायची, हे तिचं काम. रिकाम्या घरात माणसाला भिंतीच्या भेगा दिसतात, पण खुर्चीवर उशी टाकली आणि कोपऱ्यात दिवा लावला की त्याला तो स्वतःच तिथे बसलेला दिसतो, असं एजंटचं म्हणणं होतं. म्हणणं मोठं असलं तरी खर्चाच्या बाबतीत त्याचा हात आखडता असे. त्यामुळे जुन्या चादरींचे पडदे व्हायचे, फळांच्या खोक्यांना रंग फासला की टेबलं व्हायची, आणि रद्दीवाल्याकडून किलोवर आणलेली पुस्तकं पाठीच्या रंगाप्रमाणे लावली की भिंतीला शोभा यायची.

"नुसतं घर नको, घराला स्वभाव पाहिजे," एजंट दर वेळी बजावायचा. मग उशीताईने स्वभावांचीही बोचकी बांधून ठेवली होती. एकात वाचणारं जोडपं, दुसऱ्यात झाडं लावणारी बाई, तिसऱ्यात जगभर फिरून आलेला माणूस. घर बघायचं, बोचकं ठरवायचं आणि दुपारपर्यंत मोकळं व्हायचं. फिरून आलेल्या माणसाचा नकाशा एका कडेला फाटला होता, तिथे ती कुंडी ठेवायची.

सुरुवातीची काही वर्षं काम संपलं की ती दारात उभी राहून सगळं एकदा डोळे भरून बघायची. हल्ली दिवा चालू आहे ना, एवढं बघून जिना उतरायला लागायची. गुडघे कुरकुरत होते. नवरा आयुष्यभर ट्रक चालवून आता स्वतःचा टेम्पो चालवायचा, तो कमरेला पट्टा बांधून सामान उचलायचा आणि प्रत्येक मजल्यावर थांबून उगाचच खिडकीतून बाहेर बघायचा. तो दम घेतोय हे तिला कळायचं, आणि तिला कळतंय हे त्याला.

असंच एक घर आलं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, दुसऱ्या मजल्यावर. मालकाची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती आणि आता मुलगा वडिलांना आपल्याकडे घेऊन गेला होता. भिंतींना पांढरा चुना, तोही अनेक वर्षांपूर्वीचा. कॅलेंडरचे खिळे आणि कॅलेंडरं वाऱ्याने हलून पडलेले करड्या रंगाचे अर्धगोल. बाकी त्या घरात काही म्हणजे काही नव्हतं. उशीताईने झाडं लावणाऱ्या बाईचं बोचकं सोडलं. पिवळा पडदा, वेताची खुर्ची, खिडकीत कुंड्या, पलंगावर ठिगळांची गोधडी. जेवणवेळेपर्यंत घराचं रूप पालटलं.

ती झाडू मारत होती तेव्हा दारातून आवाज आला, "येऊ का?"

उंच, किरकोळ बांध्याचे एक म्हातारे गृहस्थ बाहेर चपला काढून उभे होते. माळ्यावर छत्री राहिली होती ती न्यायला आलो, म्हणाले. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की हेच घरमालक. स्वतःच्या घरात यायला परवानगी मागतायत याचं तिला हसू आलं, पण पुढे कळलं की ती त्यांची सवयच होती. पस्तीसएक वर्षं ते वीज कंपनीत मीटर वाचायचं काम करत होते. लोकांच्या दारात उभं राहून 'येऊ का' म्हणायचं, मीटरवरचा आकडा घ्यायचा आणि पुढच्या दारात जायचं, यातच त्यांची नोकरी संपली. सगळा भाग त्यांना मीटरकाका म्हणायचा.

मीटरकाका आत आले. कशाला हात न लावता, हात पाठीमागे बांधून दोन्ही खोल्यांतून फिरले. पडद्यापाशी बराच वेळ थांबले.

"फार खर्च आला असेल," ते म्हणाले.

उशीताईला हे वाक्य नेहमी ऐकू यायचं आणि त्याचं उत्तर ती नेहमीच्याच ऐटीत द्यायची. "कुठला हो काका. टाकाऊतलं आहे सगळं. पडदा म्हणजे जुनी चादर. ते टेबल म्हणजे खोका. उगाच हजारोंचं वाटतं, इतकंच."

काकांनी खोक्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"म्हणजे एवढ्यात होत होतं," ते म्हणाले.

आवाजात तक्रार नव्हती. एखादा आकडा चुकून भलताच लिहिला गेलाय हे फार उशिरा लक्षात आल्यावर माणूस बोलेल, तसे ते बोलले. उशीताईचा झाडू हातातच राहिला. आम्हाला घाऊक भावात पडतं, पूर्वी असल्या वस्तू मिळायच्या नाहीत, असं काहीबाही ती बोलून गेली, पण बोललेलं तिलाच पटत नव्हतं. काकांनी समजूतदारपणे मान हलवली. जरा बसू का, असं विचारून ते वेताच्या खुर्चीच्या अगदी कडेला टेकले आणि तिथूनच घर बघत राहिले.

बसल्या बसल्या त्यांनी बायकोबद्दल थोडं सांगितलं. संध्याकाळी ते घरी आले की ती विचारायची, आज कोणाची घरं पाहिली. मग ते सांगायचे. अमक्याने दाराला निळा रंग दिलाय, तमकीने जुन्या बरण्यांचे दिवे केलेत. ती कणीक मळता मळता ऐकायची आणि म्हणायची, आपणही करू. एवढं सांगून काका उठले आणि छत्री न घेताच गेले.

छत्री न्यायला ते पुन्हा आले तेव्हा उशीताईचा नवरा एकटाच खाली टेम्पोपाशी होता. काकांनी त्याला विचारलं, मुलाकडे मला एक खोली दिलीय, तीही अशी करून द्याल का. नवऱ्याने ताबडतोब हो म्हणून टाकलं. उशीताईला हे कळलं तेव्हा तिच्या अगदी जिवावर आलं. आठवड्यातला एक सुट्टीचा दिवस, तोही आता दुसऱ्याच्या भिंतींवर जाणार. ती दिवसभर नवऱ्याशी कामापुरतंच बोलली. पण 'म्हणजे एवढ्यात होत होतं' हे वाक्य काही तिची पाठ सोडत नव्हतं. शेवटी तिनेच गोदामातून सामान काढून ठेवलं.

मुलाच्या घरातली ती खोली म्हणजे मूळची अडगळ. सुटकेसा, इस्त्रीचं टेबल, मोडका पंखा असं सगळं सूनबाईने एकटीने उपसून काढलं होतं. ती एका दवाखान्याच्या काउंटरवर बसायची, लोकांची गाऱ्हाणी ऐकून घरी आल्यावर बहिणीशी दार लावून बोलायला तिला हीच एक जागा होती. ती तिने न कुरकुरता सोडली. खिडकी एकच होती, ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची.

अशा खोलीचं काय करायचं हे उशीताईला झोपेतही सांगता आलं असतं. भिंतींना सायीसारखा फिकट रंग, खिडकीसमोर आरसा म्हणजे उजेड दुप्पट, पलंग कोपऱ्यात म्हणजे जागा मोठी दिसते. वाचणाऱ्या जोडप्याच्या बोचक्यातलं अर्धं सामान तिने तिथे लावलं: पुस्तकांची फळी, मान वाकवलेला दिवा, खुर्चीवर चौकड्यांची शाल, पलंगावर गोधडी. दिवस मावळायच्या आत खोली अशी झाली की सूनबाई दारातच थांबली आणि फोटो काढून बहिणीला पाठवू लागली. काका म्हणाले, फार छान झाली. दोनदा म्हणाले. उशीताई जिना उतरताना नवऱ्याला म्हणाली की चला, एक काम हातावेगळं झालं.

ते हातावेगळं झालं नव्हतं. आठ-दहा दिवसांनी सूनबाईचा फोन आला. आधी ती इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "ताई, बाबा बाहेर सोफ्यावरच झोपतात. खोलीत जातात, उभे राहतात आणि परत येतात. काही विचारलं की म्हणतात, गोधडी चुरगळेल. मला कळेनासं झालंय. आमचं काही चुकलं का?"

उशीताईने डोळे मिटले. आणखी एक रविवार गेला म्हणायचा.

ते दोघं गेले तेव्हा मुलगा कामावर होता. त्याच्या कारखान्यात सुट्टी पाळीपाळीने असे. काका सोफ्यावर बसले होते, बाजूला त्यांची उशी आणि चादर यांची नीट घडी. उशीताईने काकांना खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि स्वतः पलंगाच्या कडेला बसली. कोणाच्या घरात सजवलेल्या पलंगावर बसायची तिची ही पहिलीच वेळ. गादी बरी होती.

काय आवडलं नाही ते सांगा, बदलून टाकू, ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा रुक्ष निघाला.

"आवडलं नाही असं नाही हो," काका म्हणाले. "मी आत आलो की मला वाटतं, मी रीडिंग घ्यायला आलोय. हे घर कोणा वाचणाऱ्या माणसाचं आहे. भला माणूस आहे. आत्ता येईल, चहा घेता का विचारेल. मी आकडा लिहून घेतो आणि निघतो."

दारात टेकून उभा असलेला नवरा फिस्सकन हसला आणि लगेच खोकला काढला. उशीताईला हसू आलं नाही. तिने फळीवरच्या पुस्तकांकडे पाहिलं. निळ्या पाठींची एका बाजूला, तपकिरी दुसऱ्या बाजूला. काका वाचतात की नाही हे तिने विचारलंच नव्हतं. काहीच विचारलं नव्हतं. आली, बोचकं सोडलं, गेली.

"तुम्ही काय वाचता काका?" तिने आता विचारलं.

"मीटर," काका म्हणाले. मग म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही म्हणालात की पूर्वी मिळायचं नाही असलं. माझी समजूत काढायला म्हणालात, कळलं मला. पण खरं सांगू का, पैशांचं कारण नव्हतंच. पैसे फार नव्हते, पण एका भिंतीच्या रंगाइतके होते. मी दिवसभर जिने चढायचो. रविवारी ती म्हणायची, आज करू या का. मी म्हणायचो, पुढच्या. तीही दमलेली असायची, तिलाही बरंच वाटायचं पुढच्या म्हटल्यावर. आम्ही दोघं पडून राहायचो. उठायला लागत होतं ताई, बाकी काही लागत नव्हतं."

रविवारी पडून राहणं म्हणजे काय हे उशीताईला कोणी समजावून सांगायला नको होतं. त्या क्षणीही तिच्या पाठीला त्या बऱ्या गादीचीच ओढ लागली होती.

मग तिने विचारलं, "कुठली भिंत करायची होती?"

हे विचारल्याबरोबर काका जरा सरळ बसले. एका जुन्या घरात मीटर जिन्याखाली होतं, त्यांनी सांगितलं. तिथल्या म्हाताऱ्या बाईने जिन्याखालची भिंत ओल्या विटेच्या रंगाने रंगवली होती, स्वतःच्या हाताने, ब्रशचे फराटे दिसायचे. बाहेर रणरणतं ऊन असायचं. उन्हातून आत आलं की ती भिंत डोळ्यांवर कोणी थंड फडकं ठेवावं तशी वाटायची. आकडा लिहून झाला तरी ते तिथे थोडे रेंगाळायचे. आयुष्यात पाहिलेल्या हजारो भिंतींमधली तेवढी एकच त्यांना घरी न्यावीशी वाटली होती. बायकोशी ते त्या भिंतीबद्दल इतक्यांदा बोलले की शेवटी तिने जागाही ठरवली. पलंगाच्या समोर. म्हणजे पडल्या पडल्या दिसेल.

उशीताईच्या सगळ्या अनुभवाच्या हे विरुद्ध होतं. तिने तसं स्पष्ट सांगितलं. उजेड नसलेल्या खोलीत गडद रंग लावला की खोली आणखी लहान दिसते.

"लहानच आहे की," काका म्हणाले. "मोठी आहे असं कोणाला दाखवायचंय?"

नवरा खाली गेला आणि टेम्पो घेऊन गोदामाकडे निघाला. तो परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत अर्धवट राहिलेल्या रंगांचे डबे होते. गेरू, तपकिरी, थोडा काळा, तळाशी घट्ट झालेला तांबडा. त्याने खोलीच्या मधोमध वर्तमानपत्रं अंथरली, कमरेचा पट्टा आवळला आणि मांडी ठोकून रंग कालवायला बसला. काका स्टुलावर बसून बघू लागले. भिंतीवर एक फराटा मारायचा, काकांकडे बघायचं, काकांनी मान हलवायची.

पहिला फराटा चक्क टोमॅटोच्या सॉससारखा आला. दुसरा पोस्टाच्या पेटीसारखा. तिसरा बघून काका म्हणाले की जवळ आलं, पण ही वीट कोरडी आहे, पाणी प्यायलेली हवी. नवऱ्याला ही भाषा लगेच कळली. ट्रकच्या इंजिनाबद्दल तोही असाच बोलायचा. त्याने काळ्याचे थेंब मोजूनमापून टाकले. दोघांची तेवढ्यात कंबरदुखीवरून चांगलीच गट्टी जमली. कुठल्या कुशीवर झोपावं यावर दोघांची मतं वेगळी होती आणि दोघांनीही ती शेवटपर्यंत सोडली नाहीत.

सूनबाई भाजी घेऊन आली ती या सगळ्यात. पुस्तकांची फळी बाहेर काढलेली, आरसा उलटा करून भिंतीला टेकवलेला, आणि तिने हौसेने फोटो पाठवलेल्या भिंतीवर निरनिराळ्या लाल रंगांचे पट्टे. ती पिशवी हातात धरून पॅसेजमध्येच उभी राहिली.

"मला आधी सांगायचं तरी," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "मी काय कमी केलं होतं?"

काका स्टुलावरून उठले. कोणाला वाटलं नव्हतं इतकं ते पटकन उठले.

"तू काही कमी केलं नाहीस," ते म्हणाले. "खोली तू दिलीस. मला ती घेता येत नव्हती. आता घेतोय."

सूनबाई स्वयंपाकघरात गेली, भांड्यांचा जरा जास्तच आवाज झाला. उशीताई तिच्या मागून गेली नाही. तिला जायला हवं होतं असं तिला वाटलं, पण हातात ब्रश होता आणि रंग वाळत होता. थोड्या वेळाने सूनबाईच चहा घेऊन आली, ट्रे स्टुलावर ठेवला, भिंतीकडे बघत दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "तिथे बटणाच्या खाली राहिलंय."

खरंच राहिलं होतं.

काकांनीही रंगवलं. त्यांचा हात वर पोचत होता, पण फार वेळ धरवत नव्हता, म्हणून छातीइतक्या उंचीचा पट्टा त्यांच्याकडे दिला. त्यांचे फराटे वाकडे पडत होते. उशीताईला ते सारखे करून घ्यायचा मोह दोन-तीनदा झाला, हात पुढेही गेला, पण तिने तो आवरला. पुस्तकं गेली, शाल गेली, मान वाकवलेला दिवाही गेला. काकांना एक साधा बल्ब आणि हाताशी बटण पुरेसं होतं. पलंग कोपऱ्यातून ओढून भिंतीसमोर आणला. खोली एकदम लहान झाली. खुर्ची आणि पलंग यांच्यामधून तिरकं होऊन जावं लागत होतं. उशीताईने दारातून पाहिलं. एजंटने ही खोली पाहिली असती तर कपाळावर हात मारून घेतला असता. तिलाही ती सुंदर वाटली असं नाही. भिंत अंगावर येत होती. मात्र त्या खोलीसाठी तिच्याकडे कुठलंच बोचकं नव्हतं.

काका पलंगावर आडवे झाले. कोणी झोपा म्हटलं नव्हतं. चपला काढल्या, पाय वर घेतले, हात पोटावर ठेवले आणि भिंतीकडे बघत राहिले. पाहता पाहता त्यांचे डोळे मिटले. भरदुपारी, तिघांच्या देखत, रंगाच्या वासात, माणूस शांत झोपी गेला. तिघंही पाय न वाजवता बाहेर आले.

सामान आवरून ते निघणार, तेवढ्यात मुलगा कामावरून आला. त्याच्या बायकोने त्याला ओठांवर बोट ठेवून खोली दाखवली. तो दारात उभा राहिला. तोही वडिलांसारखाच उंच होता आणि आठ तास उभ्याने काढलेल्या माणसासारखा एका पायावर भार टाकून उभा होता. चाहुलीने काकांना जाग आली.

"हा कुठला रंग, बाबा?" मुलाने विचारलं.

"तुझ्या आईला हवा होता."

"आई कधी बोलली नाही मला."

"तुला काय बोलणार. तिने तरी कुठे पाहिला होता," काका पडूनच म्हणाले. "मी सांगितलेला होता."

मुलाला यातलं किती कळलं कोण जाणे. तो बूट न काढताच आत गेला, तिरका होऊन खुर्चीपर्यंत पोचला आणि बसला. ओल्या रंगाला पाठ लागू नये म्हणून बायकोने त्याला दारातूनच सांगितलं, पुढे सरक. तो पुढे सरकला. बापलेक आता जवळजवळ गुडघ्याला गुडघा लावून होते, आणि त्या खोलीत दुसऱ्या कोणत्याही प्रकारे बसणं शक्यही नव्हतं. मुलगा हळू आवाजात काहीतरी विचारत होता आणि काका त्या जिन्याखालच्या घराबद्दल पहिल्यापासून सांगायला लागले होते.

उशीताई आणि तिचा नवरा खाली उतरले. प्रत्येक मजल्यावर तो थांबला आणि या वेळी तीही त्याच्याबरोबर थांबली. टेम्पोत बसल्यावर तिने चपला काढून पाय समोर टेकवले. नखांत गेरू गेला होता, तो आठवडाभर तरी निघणार नव्हता. उद्या सकाळी एजंटने नव्या घराच्या किल्ल्या घ्यायला बोलावलं होतं. तीन खोल्या, चौथा मजला, लिफ्ट बंद.

"जायचं का?" नवऱ्याने विचारलं.

"जाऊ," ती म्हणाली. "बसा जरा."

त्याने किल्ली पुन्हा मांडीवर ठेवली. समोरच्या रस्त्यावरून शाळा सुटलेल्या मुलींसारखा गलका करत एक रिकामी हातगाडी गेली. दोघंही काचेतून तिच्याकडे बघत राहिले आणि निघायची घाई कोणीच केली नाही.